आरएक्स १००च्या पिकअपबद्दल गॅरेजकडून उत्तर

नमस्कार दादा,

रिव्ह्यू वाचला. यामाहा आरएक्स १०० जेटिंगला, म्हणजे कार्ब्युरेटरमधले पेट्रोल सोडणारे भोकाचे जेट जुळवायला दिली, पिकअपला दबणं गेलं नाही, वर अ‍ॅव्हरेज पडलं आणि मोठा मेन जेट टाका म्हटलं तरी आम्ही ऐकलं नाही, ही तुमची तक्रार. पैसे देऊन गाडी तशीच वाटली की राग येणारच. पण जेटचं कारण इथे सविस्तर लिहितो, कारण आरएक्सवाले बरेच जण येऊन हेच मागतात.

मूठ किती फिरते ते कळायला तिच्यावर चिकटपट्टी लावून आपण दोघांनी बघितलं होतं. अ‍ॅक्सिलेटर झटकन उघडला की पहिल्या पाव फिरकीत गाडी दबते, पुढे साफ ओढते. त्या पाव फिरकीत काम असतं पायलट जेट (कमी वेगाचा छोटा जेट), एअर स्क्रू (हवा कमी-जास्त करणारा) आणि स्लाइडच्या (मुठीबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेच्या) कापाचं. मध्ये नीडल, म्हणजे पेट्रोलची वाट कमी-जास्त करणारी सुई. मेन जेटचा खरा अंमल पाऊण अ‍ॅक्सिलेटरच्या पुढे. शिवाय तुमच्या मेन जेटचं भोक आधीच कुणीतरी तार फिरवून मोठं केलंय, त्यावरच्या नंबरला आता अर्थ नाही. १९९६ला बंद झालेली गाडी, किती हातांतून गेली असेल!

खरं दुखणं रबरात आहे. गाडी चालू ठेवून कार्ब्युरेटर आणि ब्लॉकमधल्या रबरावर क्लीनर मारला, तसा इंजिनाचा आवाज लगेच बदलला. खालच्या बाजूला चीर आहे, तिथून जादा हवा ओढली जाते. अशा कोरड्या, म्हणजे हवा जास्त नि पेट्रोल कमी अशा मिश्रणावर टू-स्ट्रोकचा पिस्टन तापून सीझ होतो, म्हणजे अडकून बसतो. म्हणून नवीन रबर येईपर्यंत थांबा म्हणालो होतो. तुम्हाला रविवारच्या राईडला गाडी हवी होती, म्हणून नीडलचं लॉक (क्लिप) एक खाच खाली घेतलं, म्हणजे नीडल वर राहते आणि पेट्रोल जास्त जातं. अ‍ॅव्हरेज त्यानेच पडलं. बिलाच्या मागे तसं लिहून दिलंय. भोक मोठं केलेला तो मेन जेटही पेट्रोल जास्त सोडतो, म्हणून चीर असेपर्यंत मुद्दाम ठेवला.

रबर आता आलंय. ते बसवून मूळ नंबरचा मेन जेट टाकू, लॉक परत जागेवर घेऊ आणि इंजिन गरम करून एअर स्क्रू नव्याने लावू. मजुरी घेणार नाही, रबर आणि जेटचे पैसे द्या. येताना एअर फिल्टरचा डबा काढून ठेवू नका, आणि तोवर फुल अ‍ॅक्सिलेटरवर लांब ओढू नका.