माझ्या नावातला फुकटचा एच

आधार कार्डाच्या कॉम्प्युटरवर बसलेला पोरगा म्हैसूरकडचा. मी 'अनंत' म्हणालो. त्यानं कन्नडात चोख 'अनंत' लिहिलं आणि इंग्रजीत शेवटी 'टीएच' ठोकला. बायको सविता, लेक गीता. त्यांनाही एकेक एच मिळाला. 'पाटील' या आडनावाला तेवढा धक्का नाही. पोराला बोल लावावा तर तेही जमेना. खाली दक्षिणेत त म्हणजे 'टीएच' आणि ट म्हणजे नुसता 'टी', असा रोखठोक हिशोब आहे. आपण मराठी माणसं त आणि ट एकाच टीवर भागवतो नि 'टीएच' थ साठी राखून ठेवतो. तात्या टोपे आपण टीवरच उरकले. तेच बंगळूरवाला 'टाट्या टोपे' वाचणार, वर आपल्यालाच हसणार.

बेळगावात या एचचा जाच नव्हता. इथं एकाच गल्लीत 'टी'वाली गीता आणि 'टीएच'वाली गीता सुखानं नांदतात. घोडं अडलं कोल्हापूरच्या एका बँकेत, जुन्या खात्यापायी. मॅडमनी कार्डावर पेनाचं टोक टेकवलं.

"हे अनंथ कोण?"

"मीच की."

"पासबुकात अनंत आहे."

"ते पण मीच."

"मग हा एच कशाला?"

आता काय सांगू? रोमन लोकांनी ग्रीकांच्या थीटा या अक्षरासाठी ही टी-एचची जोडी जमवली, इथपासून सुरू करू? इंग्रज 'थिंक'मध्ये तिचा एक आवाज काढतो, 'दिस'मध्ये दुसरा, आणि लंडनच्या नदीत एच बुडवून नुसतं 'टेम्स' म्हणतो. जर्मनांनी 1901 साली आपल्या शब्दांतले असले बरेच एच सरळ छाटून टाकले. फ्रेंच माणूस चहा 'टीएच'नं लिहितो नि 'ते' म्हणून पितो, म्हणजे पॅरिस आमच्या बंगळूरच्या पार्टीत! विद्वानांनी तोडगाही काढलाय: टीखाली टिंब दिलं की ट, नाही दिलं तर त. झकास. पण ते टिंब आधारच्या फॉर्मात बसवणार कोण?

मागं रांग वाढली होती. मी गप्प बसलो.

"अनंत आणि अनंथ एकच इसम आहेत, असं अफिडेविट आणा," मॅडम म्हणाल्या. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून मी तेही आणलं. मॅडमनी दोन्ही नावांवर बोट फिरवून बघितलं, मान हलवली, पेन उघडलं.

"वडिलांचं नाव?"

"दत्तात्रय."

मॅडमनी पेनाचं टोपण परत लावलं.