पहिल्या पत्नीचा मृत्यूचा दाखला

परवा लष्कराच्या रेकॉर्ड ऑफिसचं पत्र आलं. माझ्या पहिल्या पत्नीच्या मृत्यूचा दाखला, नाहीतर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत, ३० दिवसांत पाठवा म्हणे.

पत्र वाचलं तेव्हा माझी पहिली पत्नी समोर बसून लसूण सोलत होती. दुसरी मी केलेली नाही. इच्छा होती की नव्हती हा भाग वेगळा, पण तेवढी रजाच कधी मिळाली नाही.

भानगड एका अक्षराची आहे. बायकोचं नाव शालन. १९८६ साली लग्न झालं, रजा संपवून पलटणीत गेलो आणि कंपनी क्लार्कला नाव सांगितलं. क्लार्क पूर्वांचलचा, गडी सोन्यासारखा, पण त्याच्या तोंडात 'श' नव्हता. संध्याकाळला तो 'साम' म्हणायचा. इंग्रजीत लिहिताना त्याने एसच्या पुढचा एच खाल्ला आणि शालनची सालन झाली. ही सालन मग पार्ट टू ऑर्डर या पलटणीच्या नोंदींच्या हुकुमात छापली गेली, किंड्रेड रोलमध्ये, म्हणजे घरच्यांच्या यादीत चढली, शीट रोलमध्ये, म्हणजे माझ्या नोकरीच्या कागदात मुरली आणि २००३ साली चोवीस वर्षांची नोकरी करून मी घरी आलो तेव्हा डिस्चार्ज बुकात बसून माझ्याबरोबरच साताऱ्याला आली. इतकी वर्षं घरात होती, कुणाला पत्ता नाही. मी ते पुस्तक उघडायचो, 'कॅरेक्टर : एक्झेम्प्लरी' एवढं वाचायचो आणि समाधानाने मिटायचो. आता सगळं ऑनलाइन झालं. आधारवर शालन, रेकॉर्डात सालन. दुरुस्तीचा अर्ज केला, तर अर्ज वाचणाऱ्याने हिशोब मांडला की नावं दोन, म्हणजे बायका दोन.

यात मला जास्त काय झोंबलं सांगतो. मी बटालियनच्या सिग्नल प्लाटूनचा माणूस. आयुष्यभर पाठीवर रेडिओ सेट आणि तोंडात अक्षरं. ए, बी, सी नाही म्हणायचं, अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणायचं. १९८७ ला श्रीलंकेत शांतिसेनेच्या ऑपरेशन पवनमध्ये होतो तेव्हा नकाशावरचे आकडे मी सेटवरून एकेक करून सांगायचो आणि पलीकडच्याकडून परत वदवून घ्यायचो. त्यात एक आकडा इकडचा तिकडे झाला तर तोफेचा गोळा आपल्याच डोक्यावर. सेटवर 'रिपीट' म्हणायलासुद्धा बंदी. ऐकू आलं नाही तर 'से अगेन' म्हणायचं, कारण रिपीट म्हणजे तोफखान्याला सांगणं की झाला तोच मारा पुन्हा करा. अशा माणसाच्या बायकोच्या नावातलं अक्षर गळावं!

मी रेकॉर्ड ऑफिसला फोन लावला. दोन दिवसांनी लागला. पलीकडे एक तरुण आवाज.

"सर, नाम रिपीट कीजिए."

मी मनातल्या मनात खंदकात आडवा झालो. मग नीट सांगितलं, "आय स्पेल. सिएरा, हॉटेल, अल्फा, लिमा, अल्फा, नोव्हेंबर."

"सर, होटल का नाम नहीं, पत्नी का नाम बताइए."

फोन मीच ठेवला.

तर प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. काल सकाळी तहसील कचेरीबाहेर चिंचेखाली जो टायपिस्ट बसतो त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, ऑक्टोबर २०२४ पासून शंभराचा स्टँप गेला, आता पाचशेचा बाँड. एका एचला पाचशे रुपये. गहाळ अक्षर सोन्याचं असतं तरी वजनात एवढं भरलं नसतं. टायपिस्टने चष्म्यावरून बघत विचारलं, "उर्फ घालू का मेजर?"

मी हवालदार म्हणून निवृत्त झालो. पण आमच्याकडे मिलिटरीतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो. ही नोंद दुरुस्त करा असं आजवर कुणी म्हणालेलं नाही, मीही नाही.

"शालन उर्फ सालन," तो म्हणाला. "एका उर्फात काम होतंय."

"उर्फ गुंडांना असतं," मी म्हणालो.

तेवढ्यात माझ्या शेजारच्या स्टुलावरचा माणूस वळला. हा ट्रक ड्रायव्हर. वडिलांची वारसनोंद सातबाऱ्यावर चढवायला आलेला, तोंडात तंबाखूचा बार, हातात कागदांची सुरनळी. त्याने बार एका गालातून दुसऱ्या गालात नेला आणि विचारलं, "मेजर, सालन म्हंजी रस्साच की ओ?"

मी गप्प.

"न्हाई, आमी साखर घिऊन हैद्राबादला जातो न्हवं का. तितं बिर्यानीसंगट मिरचीचं सालन देत्यात. शेंगदान्याचं कूट, तीळ, चिंच. लय भारी." त्याने टायपिस्टकडे पाहिलं. "मंजी मेजरनी सरकारला लिवून दिलंय की माजी बायकू रस्सा हाय."

टायपिस्ट हसू दाबत कीबोर्डवरची धूळ पुसू लागला.

"मी नाही लिहून दिलं. क्लार्कने लिहिलं."

"सही कुनाची?"

आता सही माझीच होती. हा माणूस वकील व्हायचा तो ट्रकवर कसा गेला कळेना. माझ्या तोंडावरून त्याने उत्तर ओळखलं आणि स्टूल माझ्याकडे सरकवलं. "माजं ऐका. खऱ्याला दुरुस्त करा. आदारवर सालन करून टाका. वैनींस्नी घरात शालनच म्हना, कोन इचारतंय? पेन्शन येत्या न्हवं, मग रस्सा म्हना न्हायतर कोशिंबीर."

सांगायला लाज वाटते, पण मी अर्धा मिनिट यावर विचार केला. कारण युक्ती बरोबर होती. माझंच बघा. माझी जन्मतारीख १ जून १९६०. आई सांगायची की मी बेंदराच्या आदल्या रात्री झालो, पावसाने गोठा गळत होता. पण शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलं, जसं त्यांनी वर्गातल्या निम्म्या पोरांचं लिहिलं. अख्ख्या महाराष्ट्रात माझ्या वयाची माणसं १ जूनलाच जन्मली आहेत. ही तारीख धडधडीत खोटी आहे, पण शाळेच्या दाखल्यापासून पेन्शनच्या कागदापर्यंत सगळीकडे सारखीच खोटी आहे, म्हणून तिला कुणी हरकत घेत नाही. बायकोचं नाव खरं आहे तर त्याला पुरावा.

इकडे झाडाखाली सभा भरली होती. श्रावणबाळ योजनेच्या अर्जाला आलेल्या एका आजींनी पदर सावरून विचारलं, "दोगी एकाच घरात नांदत्यात का रं?"

"आजी, बायको एकच आहे."

"मग मेली कोन?"

"कुणी मेलं नाही."

"मग दाकला कशाला मागत्यात?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. ड्रायव्हरने मात्र त्यांना समजावलं, "आजी, पयली कागदावरची हाय. तिला आदी मारायची, मग दुसरी खरी हुती." हे ऐकून आजींनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती चोवीस वर्षांत एकाही सुभेदाराने माझ्यावर टाकली नव्हती.

शेवटी टायपिस्टने मजकूर वाचून दाखवला : 'शालन व सालन या दोन्ही नावांच्या स्त्रिया एकच असून ती माझी कायदेशीर पत्नी आहे व ती आजरोजी हयात आहे.' ड्रायव्हर म्हणाला, झ्याक. नोटरीने माझ्याकडे न बघता शिक्का मारला. वर टायपिस्टने सुचवलं की दोन वर्तमानपत्रांत जाहिरात आणि राजपत्रात नाव बदलून घेतलं तर 'केस मजबूत होईल'. मी म्हणालो, नाव बदललेलंच नाही, तर बदलून काय घेऊ? तो म्हणाला, नियम.

हसतोय खरा, पण आमच्या वाडीतल्या एका आक्कांचं आठवलं की हसू जागच्या जागी थांबतं. त्यांचे मालक गेले आणि फॅमिली पेन्शनच्या वेळी निघालं की रेकॉर्डात नाव माहेरचं आहे. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई एसटीने जिल्ह्याला जायची, पिशवीत लग्नपत्रिका घेऊन. लग्नपत्रिका! कुणाच्या घरात पन्नास वर्षांची लग्नपत्रिका असते? यांच्या घरात होती, देव्हाऱ्याखाली, आणि तीसुद्धा चालली नाही, कारण तीत 'चि. सौ. कां.' च्या पुढे लाडाचं नाव होतं. चूक करायची ऑफिसातल्या माणसाने, आणि ती खोडून काढायची विधवेने. आमच्या भागात गावोगाव पहिल्या महायुद्धाचे दगड आहेत, गावातून गेले किती आणि आले नाहीत किती. एकट्या अपशिंगे मिलिटरी या गावाचे ४६ जण परतले नाहीत. त्या दगडांवर बायकांची नावं नाहीत. म्हणून स्पेलिंगची चूकही नाही.

मी जिवंत आहे तोवर ही माझी डोकेदुखी. नंतर तिची.

रात्री जेवायला बसलो तेव्हा तिला प्रतिज्ञापत्र वाचून दाखवलं. 'आजरोजी हयात आहे' ला ती हसली. मग म्हणाली, "अहो, तो फोन मला करायची वेळ आली तर नाव सांगायचं कसं?"

मी शिकवलं. सिएरा, हॉटेल, अल्फा. तिने तीनदा म्हणून पाहिलं. दर खेपेला सिएरानंतर अडखळायची आणि अल्फावर जायची.

"हॉटेल राहिलं," मी म्हणालो.

"हॉटेलात कधी नेलंय का तुम्ही?" ती म्हणाली, आणि माझ्या ताटात पळीभर रस्सा वाढला. "घ्या. तुमची पहिली."