जुन्या यंत्रात नवे मेमरी कार्ड: ‘फॉरमॅट करा, चालेल’ हा सल्ला कोठे चुकतो

कोल्हापुरात उद्यमनगर आणि शिरोली एमआयडीसीतील यंत्रचालकांच्या गटांत एक संदेश फिरतो आहे: ‘सगळी एसडी कार्डे एकमेकांशी सुसंगत असतात. जुन्या यंत्राने ३२ जीबीचे कार्ड घेतले नाही, तर ते फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा किंवा त्यावर २ जीबीचे पार्टिशन पाडा.’ (फॅट३२ ही कार्डावर फायली मांडण्याची एक पद्धत, म्हणजे फाइलप्रणाली; पार्टिशन म्हणजे कार्डाचा वेगळा पाडलेला भाग.) सल्ला हेतूने चांगला आहे, पण त्यावर विसंबून उत्पादन थांबू शकते, म्हणून त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

सुसंगतीचे विधान दिशा उलटी धरते. नव्या यंत्राने जुने कार्ड वाचावे, अशी मानकाची रचना आहे. जुन्या यंत्राने नवे कार्ड वाचण्याची हमी कोणीही दिलेली नाही.

पार्टिशनचा उपाय सर्वांत फसवा आहे. २ जीबीपर्यंतच्या मूळ एसडी कार्डाला पत्ता (कोठून वाचायचे किंवा कोठे लिहायचे ते) बाइटच्या क्रमांकाने द्यावा लागतो, तर २००६ मध्ये आलेल्या एसडीएचसी (२ जीबीहून मोठ्या, ३२ जीबीपर्यंतच्या) कार्डाला ५१२ बाइटांच्या ब्लॉकच्या क्रमांकाने. हा फरक कार्डातील कंट्रोलरमध्ये, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या चिपमध्ये, असल्याने पार्टिशन कितीही लहान पाडले तरी कार्ड एसडीएचसीच राहते. शिवाय ‘मला मोठी कार्डे हाताळता येतात’ असे यंत्राने सुरुवातीलाच कार्डाला कळवावे लागते. जुन्या फर्मवेअरला, म्हणजे यंत्रात भरलेल्या मूळ सॉफ्टवेअरला, हे ठाऊक नसल्याने कार्ड कधीच ‘तयार’ होत नाही. त्याहून घातक प्रकार अर्धवट सुधारलेल्या फर्मवेअरचा आहे. ते कार्ड सुरू करते, पण पत्ता बाइटांतच पाठवते. शून्य क्रमांकाचा सेक्टर (५१२ बाइटांचा ब्लॉक) दोन्ही पद्धतींत एकच असल्यामुळे पार्टिशन तक्ता नीट वाचला जातो, कार्ड ओळखले गेले असे वाटते, आणि त्यानंतर क्रमांक १ च्या सेक्टरऐवजी क्रमांक ५१२ चा वाचला जातो. भट्टीच्या तापमानाची नोंद थेट सेक्टरांत लिहिणाऱ्या लॉगरमध्ये (नोंदयंत्रामध्ये) असे घडले, तर नोंदी संगणकावर अपेक्षित जागी सापडणार नाहीत.

फॅट३२ बद्दल संदेश अंशतः बरोबर आहे, हे मान्य केले पाहिजे. ६४ जीबीचे एसडीएक्ससी (३२ जीबीहून मोठ्या वर्गाचे) कार्ड एक्सफॅट या वेगळ्या फाइलप्रणालीत येते, परंतु त्याची पत्ता देण्याची पद्धत एसडीएचसीसारखीच असल्याने एसडीएचसी जाणणारे यंत्र ते फॅट३२ केल्यावर बहुधा वाचते. याउलट केवळ फॅट१६ ही जुनी फाइलप्रणाली जाणणाऱ्या यंत्रात २ जीबीचे योग्य कार्डही याच सल्ल्यामुळे नाकारले जाईल.

नवे वेगवान कार्ड जुन्या यंत्राला झेपणार नाही, ही भीती मात्र अनाठायी आहे, कारण यूएचएस-१ या वेगवान वर्गाचे कार्ड ३.३ व्होल्टच्या संकेतांवरच सुरू होते आणि यंत्राने मागितल्याशिवाय १.८ व्होल्टवर उतरत नाही.

जुन्या यंत्रासाठी २ जीबी किंवा त्याहून लहान, एचसी किंवा एक्ससी चिन्ह नसलेले कार्ड शोधावे, आणि चालू कार्ड बिघडण्याआधी त्याची सेक्टरनिहाय पूर्ण प्रत काढून ठेवावी. नुसत्या फायली ओढून घेणे पुरत नाही, कारण काही यंत्रांचे सुरू होण्याचे सॉफ्टवेअर फाइलप्रणालीबाहेरच्या सेक्टरांत असते आणि ते अशा प्रतीत येतच नाही.