वर्गणीचा डबा

आज सोसायटीच्या मीटिंगमध्ये गणपतीसाठी खजिनदार ठरवायचा होता. तळमजल्यावरच्या काकांचं नाव निघालं, तर मागून एकजण सगळ्यांसमोर म्हणाला, "ते देवच मानत नाहीत, त्यांच्या हातात पैसे कसे द्यायचे?" काकांनी चष्मा पुसला आणि उठून गेले. मी गप्प बसले. त्याचा राग अजून जात नाहीये.

माझे बाबा देव मानत नव्हते. तरी लालबागच्या आमच्या चाळीत गणपतीच्या वर्गणीचा डबा आमच्याच खाटेखाली असायचा. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, वरून सुतळी बांधलेली. १९८२ साली संप झाला. जानेवारीपासून गिरणी बंद, गणपती येईपर्यंत आईच्या बांगड्याही गेल्या होत्या. एका रात्री आई हळूच म्हणाली, "रेशनवर गहू आलेत. यातले वीस घेऊ या? नंतर ठेवू परत." मी आठ वर्षांची, गोधडीत जागीच होते. बाबा म्हणाले, "पावत्या आपल्यासारख्यांच्याच नावानं फाडल्यात गं."

बस, एवढंच. त्यात देव कुठे आला? देवाचे पैसे घेतले असते तर देवाकडे माफी तरी मागता आली असती. पण ज्याच्या घरात चूल पेटत नाही आणि तरी ज्यानं दोन रुपये दिलेत, त्याला तोंड कसं दाखवायचं?

ग्रीक तत्त्वज्ञ सॉक्रेटिसनं, धर्म आपल्याला पक्का कळतो म्हणणाऱ्या युथिफ्रोला हेच विचारलं होतं, प्लेटोनं ते लिहून ठेवलंय: देवांना आवडतं म्हणून ते चांगलं, की चांगलं आहे म्हणून देवांना आवडतं? उद्या देवानं सांगितलं, उघड डबा, तर ते पुण्य होईल? नाही ना! आणि आपल्याकडे आगरकर झाले, देवाधर्मावर ज्यांनी आयुष्यभर प्रश्न विचारले. १८९५ साली गेले तेव्हा उशाशी स्वतःच्याच अंत्यविधीपुरते पैसे बांधून ठेवलेले होते. कुणावर भार नको म्हणून. त्यांच्या हातात तुम्ही वर्गणी दिली नसती?

हो, देवाच्या धाकानं सरळ वागणारेही असतात, मान्य. माझी आईच. दुपारभर ती एकटी घरात असायची, खाटेखाली डबा. ती म्हणायची, गणपती बघतोय. तिनंही सुतळी सोडली नाही. तिच्या श्रद्धेला मी कधी हसले नाही, हसणारही नाही. विसर्जनानंतर बाबांनी हिशेब वाचला तेव्हा चाळीत सगळ्यात आधी तिचेच डोळे भरून आले होते.

खजिनदार कुणालाही करा. पण जो ते वाक्य बोलला त्यानं काकांच्या दारात जाऊन माफी मागावी. मीही जातेय, आत्ताच.