हार्टुंग यांच्या रेषेमागची शिस्त

अमूर्त चित्रकार हान्स हार्टुंग यांच्यावरचा तुमचा लेख आवडला, पण त्यांची चित्रं म्हणजे ‘क्षणिक आवेगाचा उद्रेक’ हे लेखातलं म्हणणं पटलं नाही. १९६० पर्यंतची त्यांची बरीचशी मोठी चित्रं आधी कागदावर छोट्या आकारात काढलेली असत. मग चौकटी आखून ती कॅनव्हासवर जशीच्या तशी मोठी केली जात. झटक्यात ओढल्यासारखी वाटणारी ती काळी रेघ खरं तर फार सावकाश, जपून रंगवलेली आहे! मला तर यामुळे ती जास्तच आवडतात. मूळ आवेग खराच होता, आणि तो टिकवण्यासाठी एवढी मेहनत घेतलेली होती.

दुसरं म्हणजे, लेखात दुसऱ्या महायुद्धाचा उल्लेख एका ओळीत उरकलाय. लाइपझिगमध्ये १९०४ साली जन्मलेला हा जर्मन माणूस नाझींविरुद्ध फ्रान्सच्या फॉरेन लीजनमधून (परदेशी सैनिकांच्या दलातून) लढला आणि १९४४ मध्ये पूर्व फ्रान्समधल्या बेलफोर्टजवळ उजवा पाय गमावून बसला. पुढे फ्रेंच नागरिकत्व मिळालं, १९६० मध्ये व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाचं चित्रकलेचं मोठं पारितोषिकही.

शेवटच्या वर्षांतल्या कामावर मात्र स्वतंत्र लेख हवा. दक्षिण फ्रान्समधल्या आँतीबच्या स्टुडिओत, चाकाच्या खुर्चीत बसून, फवारणीच्या पंपाने ते प्रचंड कॅनव्हास रंगवत होते. १९८९ मध्ये, म्हणजे मृत्यूच्याच वर्षी, त्यांनी तीनशेहून अधिक चित्रं केली. आणि त्यांची पत्नी आना-एव्हा बर्गमन? त्याही मोठ्या चित्रकार. १९२९ मध्ये लग्न, मग घटस्फोट, आणि १९५७ मध्ये पुन्हा एकमेकांशीच लग्न. त्यांच्यावरही जरूर लिहा.