‘सरळ फॉरमॅट मारा’ हा सल्ला आधी तपासून बघा

व्हॉट्सॲपवर एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: कॉम्प्युटर सुरू होताना निळा पडदा आला किंवा ‘अमुक फाइल सापडत नाही’ असं दिसलं, की विंडोज करप्ट झालं समजा. ते दुरुस्त होत नसतं, सरळ फॉरमॅट मारा. सी ड्राइव्ह जातो, डी मधलं शाबूत राहतं. काही गेलंच तर रिकव्हरी सॉफ्टवेअरने परत मिळतं. फॉरमॅट नकोच असेल, तर रेगबॅकमधल्या (विंडोजमधलं रजिस्ट्रीच्या, म्हणजे सेटिंग्जच्या नोंदींच्या, बॅकअपचं फोल्डर) फाइल्स कॉन्फिगमध्ये, म्हणजे चालू रजिस्ट्रीच्या फोल्डरात, टाका, नाहीतर नसलेली डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी विंडोजची सहायक फाइल) नेटवरून उतरवून घ्या.

हे वाचून माणसं खरोखरच फॉरमॅट मारतात, आणि ज्या घरात बॅकअप नाही तिथे मुलांचे फोटो कायमचे जातात. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

‘दुरुस्त होत नसतं’ हे साफ चूक. आपल्या महत्त्वाच्या फाइल्सच्या चांगल्या प्रती विंडोज विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरात ठेवतं. एसएफसी स्कॅननाऊ (sfc /scannow) ही कमांड वापरातल्या फाइल्स त्या साठ्याशी ताडून बघते आणि बिघडलेली बदलते. लोक ती एकदा चालवतात, ‘काही फाइल्स दुरुस्त करता आल्या नाहीत’ असं उत्तर येतं आणि तिथेच हात टेकतात. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असतो, की तो साठाच खराब झालाय. मग आधी डिझम (DISM) या दुसऱ्या कमांडच्या रिस्टोअरहेल्थ पर्यायाने साठा नीट करायचा. त्यासाठी लागणाऱ्या फाइल्स ते विंडोज अपडेटमधून किंवा तुम्ही दाखवलेल्या आयएसओमधून (विंडोज इन्स्टॉल करायची पूर्ण फाइल) घेतं. त्यानंतर एसएफसी पुन्हा चालवायचं.

विंडोज सुरूच होत नसेल, तरी मार्ग आहे. लागोपाठ दोन-तीनदा सुरू होणं फसलं की विंडोज १० आणि ११ सहसा आपणहून रिकव्हरीचा पडदा दाखवतात. ट्रबलशूटमध्ये गेलात की स्टार्टअप रिपेअर, सिस्टम रिस्टोअर, शेवटचं अपडेट काढून टाकणं आणि कमांड प्रॉम्प्ट, सगळं तिथे आहे. एसएफसी इथूनही चालतं, पण ऑफलाइन पद्धतीने, म्हणजे विंडोज कुठल्या ड्राइव्हवर आहे ते कमांडमध्ये सांगून. आणि इथे सी चा डी झालेला असू शकतो! आधी ‘डिर’ (dir, फोल्डरांची यादी दाखवणारी कमांड) मारून विंडोजचं फोल्डर कुठल्या अक्षराखाली दिसतं ते बघा, मगच पुढची कमांड द्या.

१९ जुलै २०२४ आठवा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा सॉफ्टवेअर कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने, जगभरातली ८५ लाख विंडोज मशीन अडकली. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले. त्यावरचा उपाय फॉरमॅट नव्हता. सेफ मोडमध्ये (मोजक्याच गोष्टींसह सुरू होणारं विंडोज) किंवा रिकव्हरीत जाऊन तेवढी फाइल काढायची होती.

‘डी मधलं शाबूत राहतं’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं, कारण ते अर्धं खरं आहे. डेस्कटॉप, डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे सगळं मुळात सी वरच असतं. टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटाही, जागा बदलली नसेल तर, सी वरच्या पब्लिक फोल्डरात जातो. शिवाय सी आणि डी बहुधा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. इन्स्टॉल करताना चुकीचं पार्टिशन, म्हणजे चुकीचा भाग, निवडलं की डी सुद्धा गेला.

मराठी घरांत याहून एक वेगळं नुकसान होतं. श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांतल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली सोसायटीची इतिवृत्तं, वडिलांचे लेख, कुळाची वंशावळ अशा वर्डच्या फाइल्स डी वर असतात, पण फॉन्ट सी वरच्या विंडोजमध्ये. फॉरमॅटनंतर फाइल उघडते आणि मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. फाइल धड आहे, फक्त फॉन्ट गेलाय. आणि त्याची सीडी सापडण्याची आशा नसते. म्हणून विंडोजमधलं फॉन्ट्स फोल्डरही आधी कॉपी करून ठेवा.

रिकव्हरी सॉफ्टवेअरची हमी तर कुणीच देऊ नये. नवं विंडोज त्याच जागेवर लिहिलं जातं, आणि ज्यावर काही लिहिलं गेलं ते परत येत नाही. एसएसडी असेल तर ट्रिम या सोयीमुळे पुसलेली जागा डिस्क स्वतःच रिकामी करून टाकते.

रेगबॅकची युक्ती एके काळी चालायची. विंडोज १०च्या १८०३ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१८पासून, मायक्रोसॉफ्टने तो आपोआप होणारा रजिस्ट्री बॅकअप बंद केला. आता ते फोल्डर रिकामं असतं किंवा त्यातल्या फाइल्स शून्य केबीच्या असतात. त्या कॉन्फिगमधल्या सिस्टम आणि सॉफ्टवेअर या फाइल्सवर टाकल्यात, तर जी रजिस्ट्री कदाचित वाचली असती ती तुम्ही स्वतःच्या हाताने पुसता. सिस्टम रिस्टोअर पॉइंट (विंडोजने आधी जपून ठेवलेली स्थिती) असेल तर तो वापरा. रजिस्ट्री त्यातून परत येते आणि फोटो-कागदपत्रांना हात लागत नाही.

अनोळखी साइटवरची डीएलएल मुळीच नको. ती कुठल्या आवृत्तीची आणि आत काय घातलेलं, कळायला मार्ग नाही.

मग आधी काय करायचं? डेटा बाहेर काढायचा. रिकव्हरीच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नोटपॅड’ टाइप करा, फाइल मेन्यूतून ओपन घ्या, खाली ‘ऑल फाइल्स’ निवडा. त्या छोट्या खिडकीतच तुमचे फोल्डर दिसतात. उजव्या क्लिकने कॉपी करून पेन ड्राइव्हवर पेस्ट करता येतात. किती झालं ते दिसत नाही, खिडकी गोठल्यासारखी वाटते, पण काम चालू असतं. धीर धरा. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर बिटलॉकरची (विंडोजमधली डिस्क कुलूपबंद करणारी सोय) ४८ अंकी की मागितली जाईल. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये साठवलेली असते, मोबाइलवरून लॉगिन करून बघा. आणि डिस्क खडखडत असेल किंवा कॉपी मध्येच अडकत असेल, तर चेकडिस्क (डिस्क तपासून दुरुस्त करणारी कमांड) लावू नका. मरू घातलेल्या डिस्कवर तो ताण आणखी नुकसान करतो.

डेटा सुरक्षित झाला आणि वरचं काहीच लागू पडलं नाही, तरी फॉरमॅटच्या आधी दोन पायऱ्या उरतात. विंडोज कसंबसं सुरू होत असेल तर त्याच्या आतूनच आयएसओमधला सेटअप चालवा. फाइल्स आणि प्रोग्रॅम दोन्ही राहतात. होत नसेल तर ‘रीसेट धिस पीसी’मध्ये ‘कीप माय फाइल्स’ निवडा. यात प्रोग्रॅम जातात, ते पुन्हा टाकावे लागतात, पण तुमच्या फाइल्स जागच्या जागी राहतात.