मैदान वर्षातून एकदा-दोनदा, मेहनत रोज

पाऊस ओसरायला लागला की आमच्या रनिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर शर्यतींच्या लिंका पडायला सुरुवात होते. सप्टेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जवळजवळ प्रत्येक रविवारी कुठे ना कुठे काहीतरी असतंच. सातारा, सांगली, पुणे, गोवा, मुंबई, आणि आपलं कोल्हापूर तर आहेच. दहा किलोमीटर झालं की एकवीस, एकवीस झालं की बेचाळीस, आणि मग कुणीतरी दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सचं नाव काढतं. १९२१ पासून चालू असलेली ती नव्वदेक किलोमीटरची शर्यत, बारा तासांत संपवायची. स्वप्न म्हणून फार सुंदर आहे. मी स्वतः शर्यती पळते, पुढेही पळणार आहे. साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढताना दोन्ही बाजूंनी लोक ओरडत असतात तेव्हा अंगावर काटा येतो. मुंबईत शेवटच्या टप्प्यात पेडर रोडचा चढ येतो आणि अनोळखी माणसं हातात संत्र्याच्या फोडी ठेवतात, ते कुणी विसरेल का?

तरीही एक गोष्ट बरेच दिवस सलते आहे आणि ती आज लिहायचीच आहे. आपण हौशी पळणारे शर्यती फार जास्त करायला लागलोय. आणि मधले जे दिवस असतात, म्हणजे सावकाश पळायचे, नुसतं चालायचे, डोंगरात जायचे, त्यांना आपण 'वाया गेलेला दिवस' समजायला लागलोय. परवा एकीनं ग्रुपवर लिहिलं, 'आज काही नाही केलं, फक्त पन्हाळ्याला जाऊन आले.' वाघबीळपासून पायी वर, आणि पायीच खाली. आणि म्हणे काही नाही केलं!

खरं तर कोल्हापूरकरांना हे सांगायला लागू नये. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींचं गाव आपलं. पोरगं तालमीत आलं की त्याला लगेच मैदानात उतरवत नाहीत. पहाटे उठून जोर, बैठका, माती उकरणं, खुराक, झोप, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. याला तालमीत 'मेहनत' म्हणतात. कुस्ती कधी जोडायची, कुणाशी जोडायची, ते वस्ताद ठरवतात, पोरगं ठरवत नाही. शाहू महाराजांनी बांधलेल्या खासबागेत हजारो लोक कुस्ती बघतात, पण त्यामागच्या मेहनतीची वर्षं बघायला कोणी येत नाही. आपल्याला वस्ताद नाही. आपल्याकडे घड्याळ आहे, पळण्याची नोंद ठेवणारं स्ट्राव्हा अॅप आहे आणि ऑनलाइन नोंदणीची शेवटची तारीख आहे. ही तिन्ही मिळून आपल्याला दर रविवारी मैदानात ढकलतात.

रंकाळ्यावर तांबट कमानीजवळ एक माजी पैलवान रोज भेटतात. सगळे त्यांना मामा म्हणतात. एका सोमवारी मी आमच्या कुत्र्याला, खंड्याला, घेऊन चालले होते तर म्हणाले, "काय वैनी, आज पळाय न्हाई व्हय?"

"न्हाई मामा, काल लांब झालं. आज नुसतं चालायचं."

"ब्येस. मैदान आठवड्यावर आलं की वस्ताद आमची लढत बंद करायचे. हलकी मेहनत, मालीश आन् झोप. पोरं कुरकुरायची, पर वस्तादापुढं कोण बोलणार?"

यालाच आपल्या भाषेत टेपरिंग म्हणतात. शर्यतीच्या आधीच्या दिवसांत अंतर कमी करत आणायचं, म्हणजे शरीर भरून निघतं. पण ज्याला पुढच्या रविवारी शर्यत, त्याच्या पुढच्या रविवारीही शर्यत, त्यानं टेपरिंग कधी करायचं आणि मेहनत कधी करायची?

यामागचं कारण साधं आहे आणि नव्यानं पळायला लागलेल्या प्रत्येकाला ते माहीत असायला हवं. पळायला लागलं की दम लवकर वाढतो. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांतच तयार व्हायला लागतात. कंडरा आणि हाडं मात्र त्याच वेगानं तयार होत नाहीत, त्यांना महिनोन्महिने लागतात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात दम म्हणतो 'चल, अजून पळू', आणि नडगी, टाच, गुडघा अजून तयार नसतात. नेमकं याच वेळी माणूस पहिल्या एकवीसची नोंदणी करतो, ती बरी गेली की लगेच दुसरी, तिसरी. मग टाचेखाली कळ, सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टेकवेना, नडगीवर बोट दाबलं तरी जीव जातो. ग्रुपवर फिजिओचे नंबर फिरायला लागतात. चांगली, जिद्दीची माणसं दीड-दोन वर्षांत पळणं कायमचं सोडून देताना मी बघितली आहेत, आणि त्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

म्हणून माझ्या आठवड्यात सगळ्यात महत्त्वाचा दिवस कुठला असं कुणी विचारलं तर मी सोमवार सांगेन. सोमवार खंड्याचा. खंड्या आमचा गावठी कुत्रा, तांबूस रंगाचा, एक कान उभा, एक पडलेला. त्याला घेऊन रंकाळ्याला निघालं की पेस-बिस काही नसतं. पहिल्या खांबाजवळ थांबणार. तिथं नाक लावून, डोळे अर्धवट मिटून, रात्री कोण कोण येऊन गेलं त्याची सगळी खबर घेणार. मग चार पावलं, मग पुन्हा थांबणं. त्याला ओढायचं नाही हे मी ठरवून टाकलंय. वास घेणं हेच त्याचं फिरणं असतं, आणि मला तरी त्या दिवशी कुठं पोचायचं असतं? पद्माराजे उद्यानाच्या बाजूनं संध्यामठापर्यंत जाईस्तोवर माझे पाय मोकळे झालेले असतात. रविवारी लांब पळून आखडलेल्या पोटऱ्यांना अशा सावकाश चालण्यासारखं औषध नाही. शरीर बसून राहिलं की जास्त आखडतं.

कुत्र्याला पळायला नेणाऱ्यांसाठी थोडं सविस्तर लिहिते, कारण हे विचारणारे बरेच जण असतात. पिल्लाला लांब पळवू नका. हाडांची वाढ पूर्ण व्हायला जातीनुसार वर्ष-दीड वर्ष लागतं, मोठ्या जातींना त्याहूनही जास्त. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. त्यामुळे मार्च ते मे खंड्या माझ्याबरोबर पळत नाही, उजाडायच्या आत फक्त चालतो. डांबरावर हाताची मागची बाजू टेकवून बघा. पाच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचे तळवेही भाजणार. पावसाळ्यात गवतातून आल्यावर कानामागं, बोटांच्या मध्ये, पट्ट्याखाली गोचीड बघायच्या. गोचीड तापानं धडधाकट कुत्रा पार झोपतो. रेबीजची लस वेळच्या वेळी. आणि त्याची घाण पिशवीत उचलायची, रंकाळा काही आपल्या एकट्याचा नाही.

गल्लीतली भटकी कुत्री अंगावर येतात ही पळणाऱ्यांची नेहमीची तक्रार. मला लागू पडलेला उपाय एकच: पळणं थांबवायचं. पळणाऱ्याच्या मागं धावणं त्यांच्या रक्तातच असतं. थांबून, नजर न भिडवता, तिरकं उभं राहिलं की बहुतेक वेळा चार भुंकून परत जातात. मग त्यांची हद्द संपेपर्यंत चालायचं. घड्याळात ते मिनिट वाया जातं म्हणून चिडणारे लोक आहेत, त्यांना काय सांगायचं?

कुत्र्यांपेक्षा मला भीती वाटते ती उसाच्या ट्रॅक्टरची. गळीत हंगाम सुरू झाला की पहाटेच्या अंधारात दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. पाठीमागं दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. आणि नेमका हाच आपल्या शर्यतींचा हंगाम. तेव्हा हायवेला, कारखान्याच्या रस्त्याला अंधारात लाँग रन करू नका. विद्यापीठाचा परिसर आहे, झाडं आहेत, मोर दिसतात. तिथं फेऱ्या मारायला कंटाळा येतो म्हणणाऱ्यांचं मला पटत नाही. बायकांनी तर दोघी-तिघी मिळूनच निघावं. खंड्या सोबत असला की मला अंधाराची भीती वाटत नाही, पण प्रत्येकीकडं खंड्या नसतो.

आता डोंगर. पन्हाळा, जोतिबा, मसाई पठार ही आपली घरची टेकाडं आहेत आणि पळणाऱ्यानं महिन्यातून एकदा तरी तिथं चालत जावं असं माझं ठाम मत आहे. सपाट डांबरावर प्रत्येक पाऊल सारखंच पडतं. डोंगरात दगड, चिखल, मुळं, त्यामुळं घोट्याच्या ज्या बारीक स्नायूंना एरवी फारसं काम नसतं ते जागे होतात. आणि उतार! चढ दम काढतो, पण पायाची खरी परीक्षा उतार घेतो. खाली येताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच अंगाचा भार पेलतात, म्हणून दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळ येते. सवय झाली की हीच ताकद शर्यतीच्या शेवटच्या किलोमीटरना उपयोगी पडते.

दर जुलैला पन्हाळा ते पावनखिंड मोहिमेला हजारो लोक जातात. १२ जुलै १६६० च्या रात्री सिद्दी जौहरचा वेढा फोडून महाराज राजदिंडीनं उतरले आणि बांदलांच्या मावळ्यांनी पालखी खांद्यावर घेऊन भर पावसात, अंधारात, चिखलातून मसाई पठारावरून विशाळगडाची वाट धरली. आपण ती वाट दोन दिवसांत, करपेवाडीला मुक्काम करून, पाठीवर डबा घेऊन चालतो, तरी पांढरपाण्यापर्यंत पाय बोलायला लागतात. त्या पठारावर धुकं आलं की दहा पावलांवरचा माणूस दिसत नाही, जांभा दगडावर शेवाळ धरलेलं असतं, आणि मसाई देवीच्या देवळाजवळ पोचल्यावर गरम चहा मिळाला तर त्याच्यासारखं सुख नाही. अशा ठिकाणी मी घड्याळ लावत नाही. आणि तिथं वेफर्सची पाकिटं, बाटल्या टाकणाऱ्यांना ही वाट कुणाची आहे हे कळलेलंच नाही, एवढंच म्हणेन.

मग शर्यत करायचीच नाही का? करायची. वर्षातून एक, फार तर दोन, मनापासून निवडून. निवडताना मेडलचा फोटो बघू नका. शेवटी येणाऱ्या माणसाला काय मिळतं ते विचारा. जिल्ह्याबाहेरच्या एका शर्यतीत मी बघितलंय, मागून येणाऱ्यांसाठी शेवटच्या दोन टेबलांवर पाण्याचा थेंब उरला नव्हता. ऊन डोक्यावर आलेलं, साठीच्या एक बाई ग्लास शोधत होत्या, आणि स्टेजवर डीजे चालूच. पुढचे पळणारे सावलीत असतानाच घरी जातात, उन्हात तासन्‌तास असतात ते मागचे. ज्या शर्यतीत त्यांच्यासाठी पाणी, मीठ-साखर आणि अँब्युलन्स शेवटपर्यंत उभी असते, ती शर्यत चांगली. तिथं पैसे भरा, महिनोन्महिने तयारी करा आणि त्या दिवशी जीव ओतून पळा.

येत्या रविवारी आम्ही काही जण मसाई पठाराला जातोय. पहाटे साडेपाचला शिवाजी पुलाजवळ जमायचं. पळायचं त्यानं पळावं, चालायचं त्यानं चालावं, सगळे एकत्रच परत येणार. पाण्याची बाटली आणि कचऱ्याला एक पिशवी आपापली आणावी. कुत्रा आणणार असाल तर पट्टा सोडायचा नाही, वर गुरं असतात आणि धनगरांची कुत्रीही असतात. त्याच दिवशी ज्यांची शर्यत आहे त्यांनी खुशाल शर्यतीला जावं, ते पुढच्या वेळी येतील. बाकीच्यांनी शुक्रवारपर्यंत मला मेसेज टाका, म्हणजे गाड्या किती लागतील ते ठरवता येईल.